लॅबमध्ये मशीन आले, आता आपल्या मुलांनी काय करावे?



औषध कंपन्यांच्या लॅबविषयी एक प्रश्न हल्ली आमच्या कानावर वेगवेगळ्या तोंडून येतो. सातपूरच्या एका भगिनीची मुलगी बी.एस्सी. केमिस्ट्रीच्या शेवटच्या वर्षाला आहे. मुलगी लॅबमध्ये लागेल या आशेवर घराने तीन वर्षे काढली. आणि आता शेजारपाजारचे सांगतात की तिथे सगळे काम मशीनच करते, माणसे नकोत. दुसरा प्रश्न सिडकोतल्या एका बापाचा. त्यांचा मुलगा कंत्राटी केमिस्ट आहे. लॅबमध्ये नवे मशीन बसले, तेव्हा काम हलके होईल असे त्याला वाटले होते. झाले उलटेच. नमुने दुप्पट आले आणि पोरगा घरी येतो तो जेवायचेही भान नसलेला. बाप विचारतो, मशीनने काम कमी होते की वाढते?

दोन्ही प्रश्न एकच आहेत असे आम्हाला वाटते, म्हणून आजचे पान त्यालाच दिले आहे. विषय थोडा तांत्रिक आहे, पण ज्यांची मुले त्या पांढऱ्या कोटात उभी आहेत त्या आईबापांना आत काय चालते ते कळायला हवे.

नाशिक म्हटले की लोकांना द्राक्षे, नोटांचा छापखाना आणि ओझरचा विमान कारखाना आठवतो. औषधांचे नाव कोणी घेत नाही. वास्तविक अंबड, सातपूर आणि सिन्नरच्या औद्योगिक वसाहतींत औषधांचे मोठे कारखाने आहेत. अंबडला ग्लॅक्सोचा कारखाना आहे, ग्लेनमार्कचाही नाशिकला आहे. हत्तीरोग हटविण्याच्या जागतिक मोहिमेसाठी अल्बेंडाझोलच्या गोळ्या फुकट देण्याचे पुढे ग्लॅक्सोत विलीन झालेल्या स्मिथक्लाइन बीचम कंपनीने १९९८ साली जाहीर केले. त्यातल्या गोळ्या आपल्या नाशिकच्या कारखान्यात तयार होत आल्या आहेत. अल्बेंडाझोल म्हणजे कोणती गोळी? शाळेत आणि अंगणवाडीत मुलांना जंताची जी गोळी चघळायला देतात, तीच. २०१५ पासून १० फेब्रुवारीला जो जंतनाशक दिवस पाळतात, त्या दिवशी प्रत्येक घरातल्या पोराच्या तोंडात ती जाते. गोळी कोणत्याही कारखान्याची असो, आपण डोळे मिटून ती पोराला देतो. त्या विश्वासाच्या मागे एक लॅब असते.

गोळ्यांची बॅच तयार झाली म्हणजे ती लगेच बाजारात जात नाही. त्यातला नमुना गुणवत्ता नियंत्रण विभागात जातो. आपली मुले त्याला 'क्यूसी' म्हणतात. तिथे २० गोळ्या एकेक करून तोलतात. एखादी फार हलकी, एखादी फार जड निघता कामा नये. मग गोळी विरघळते की नाही ते पाहतात. त्यासाठी सहा भांड्यांचे एक यंत्र असते. भांड्यांतले पाणी ३७ अंशांवर, म्हणजे माणसाच्या अंगाइतके गरम ठेवतात, प्रत्येकात एक गोळी टाकतात आणि वरून पळी फिरते. ठरलेल्या मिनिटाला त्यातले पाणी काढून औषध किती उतरले ते मोजतात. गोळीत औषध पुरेपूर असले पण ती पोटात दगडासारखी राहिली तर काय उपयोग? त्यानंतर पाण्याचा अंश, भेसळीचे अंश, जंतू आणि शेवटी मुख्य औषधाची मात्रा. कच्च्या मालाच्या चाचण्या वेगळ्या, पॅकिंगच्या सामानाच्या वेगळ्या.

एवढ्यावर भागत नाही. औषध मुदतीपर्यंत टिकते का, हे पाहण्यासाठी गोळ्या कपाटाएवढ्या पेट्यांत ठेवून महिन्यांच्या हिशेबाने काढून तपासतात. सर्वसाधारण रीत अशी की तीन बॅचेस घ्यायच्या, आणि सुरुवातीला, मग ३, ६, ९, १२, १८, २४ आणि ३६ महिन्यांनी तपासायच्या. म्हणजे तीन आठे चोवीस. शिवाय ४० अंश उष्णता आणि ७५ टक्के दमट हवेत ठेवलेले नमुने ३ आणि ६ महिन्यांनी, ते सहा. एका औषधाच्या एका पॅकिंगचे हे ३० नमुने झाले, आणि प्रत्येकावर पाच-सहा चाचण्या. कंपनी अशी शंभर औषधे करीत असेल तर लॅबच्या टेबलावर काय ढीग पडत असेल याचा अंदाज घरी बसूनही करता येतो. या नमुन्यांची तारीख चुकवून चालत नाही, कारण तेरावा महिना उजाडल्यावर बारावा परत आणता येत नाही.

पूर्वी हे सगळे हाताने चाले. मात्रा मोजण्याचे जे मुख्य यंत्र आहे, त्याला एचपीएलसी म्हणतात. एका बारीक नळीत खच्चून भुकटी भरलेली असते. औषधाचे द्रावण पंपाने त्यातून दाबून नेले की त्यातले पदार्थ वेगवेगळ्या वेळी बाहेर पडतात आणि कागदावर डोंगरासारख्या रेघा उठतात. डोंगर जेवढा मोठा तेवढे औषध जास्त. आधी सुईने एकेक नमुना आत टोचावा लागे. एकेका टोचणीला दहा, पंधरा, कधी तीस मिनिटे लागतात. चाळीस टोचण्या असल्या आणि प्रत्येकीला पंधरा मिनिटे लागली तर झाले दहा तास. तेवढा वेळ एक माणूस घड्याळ बघत खुर्चीवर. आणि डोंगर मोजायचा कसा? कागदावरचा तो डोंगर कात्रीने कापायचा आणि नाजूक काट्यावर त्या कागदाचे वजन करायचे! आजच्या पोरांना हे सांगितले तर त्यांना गंमत वाटेल, पण एके काळी जगभरच्या लॅबमध्ये असेच करीत.

आता सुई टोचण्याचे काम मशीन करते. त्याला ऑटोसॅम्पलर म्हणतात. शंभरेक छोट्या बाटल्या तबकात लावून ठेवायच्या, संगणकावर क्रम लिहायचा आणि बटण दाबायचे. माणूस घरी जाऊन झोपतो, मशीन रात्रभर टोचत बसते. गोळी विरघळवण्याच्या यंत्रातून ठरल्या मिनिटाला पाणी खेचणारे मशीन आले. पाण्याचा अंश मोजणारे मशीन थेंब स्वतः टाकते आणि स्वतः थांबते. वजनकाट्यावरचा आकडा वहीत लिहायची गरज नाही, तो तारेतून थेट संगणकात जातो. आणि कोणता नमुना कधी आला, कोणाकडे दिला, कोणत्या तारखेला पेटीतून काढायचा, हे सांभाळणारी एक संगणकीय वही असते, तिला 'लिम्स' म्हणतात. बाटलीवर बारकोडची पट्टी, त्यावर लाल दिवा फिरवला की नमुन्याची सगळी कुंडली समोर. (कुंडली हा शब्द आम्ही गमतीने वापरला, वाचकांनी रागावू नये.)

यातला सर्वांत मोठा फायदा आम्हाला वाटतो तो वेगळाच आहे. आपल्या माता-भगिनी चूल पेटवून एकच भाकरी भाजत नाहीत, तवा तापला की सगळ्यांच्या भाकरी उरकतात. लॅबचेही तसेच आहे. एका बॅचची मात्रा मोजायची तर आधी कोरे द्रावण एकदा आणि खात्रीचे प्रमाण द्रावण पाच-सहा वेळा टोचून मशीन नीट चालते की नाही ते पाहावे लागते. त्यानंतर नमुन्याच्या दोन टोचण्या. म्हणजे नऊ टोचण्या, त्यातल्या सात नुसत्या तव्यासाठी. पाच बॅचेस पाच वेगळ्या दिवशी केल्या तर ४५ टोचण्या होतात. त्याच पाच बॅचेस एकत्र लावल्या तर सात अधिक दहा, फक्त १७. कोणत्या औषधाचे कोणते नमुने येऊ घातले आहेत हे संगणकीय वहीत दिसत असेल तर असे एकत्र लावता येते. कागदाच्या पाच रजिस्टरांत पाहून ते जमत नाही. म्हणजे सगळे काम मशीनच्या वेगाने वाचत नाही, काही मांडणीने वाचते, आणि मांडणी करायला डोके लागते. त्यात धोकाही आहे. सकाळी येऊन पाहिले तर रात्री दोन वाजता पंपात हवा शिरलेली, आणि पाचही बॅचेसचे काम वाया. एक भाकरी करपण्याऐवजी सगळी टोपली करपते.

मग माणसाला काय उरले? पुष्कळ उरले. गोळ्या कुटून बारीक करायच्या, मिलिग्रॅममध्ये तोलायच्या, काचेच्या फुगीर बाटलीत रेघेपर्यंत बरोबर भरायच्या, गाळायच्या. हे बहुतेक लॅबमध्ये अजून हातानेच होते, आणि खरी चूक होते ती इथेच. हात चुकला तर मशीन त्या चुकीच्या द्रावणाचे उत्तर दशांश चिन्हानंतर चार आकड्यांपर्यंत अचूक देते! त्यानंतर सकाळी रेघा पाहायच्या. हा छोटा डोंगर कसला? काल नव्हता, आज का आला? काच नीट धुतली नव्हती की औषधच बिघडले आहे? याचे उत्तर संगणक देत नाही. ते देणारा माणूस लागतो आणि त्याची सही लागते.

सहीचा विषय निघाला म्हणून आपल्या महाराष्ट्रातली एक गोष्ट आठवण करून देतो. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून ग्लिसरीन दिलेले १४ रुग्ण दगावले. त्या ग्लिसरीनमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल नावाचे कारखान्यात वापरायचे विषारी रसायन होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने चौकशी केली, १९८८ साली अहवाल आला आणि सरकारी औषध खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी लक्तरे वेशीवर टांगली गेली. सरकारी दवाखान्यात कोण जातो हे आम्ही सांगायला नको.

ती गोष्ट जुनी झाली म्हणावे तर २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा जिल्ह्यात कोल्ड्रिफ नावाचे खोकल्याचे औषध घेऊन २० हून अधिक लहान मुले मेली. त्यातल्या कित्येकांना उपचारासाठी आपल्या नागपूरला आणले होते. औषध तामिळनाडूतल्या कांचीपुरम जिल्ह्यात तयार झालेले. तिथल्या सरकारी लॅबने तपासले तेव्हा त्यात तेच डायएथिलीन ग्लायकॉल निघाले, आणि किती? ४८.६ टक्के! जवळजवळ अर्धी बाटली विष. कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी सापडल्या.

आता लक्षात घ्या, हे रसायन ओळखण्याची चाचणी अवघड नाही. गॅस क्रोमॅटोग्राफ नावाचे मशीन ते पकडते, आणि अर्धी बाटली विष असेल तर साध्या पद्धतीनेही पकडता येते. १९३७ साली अमेरिकेत याच रसायनाने शंभराहून अधिक माणसे मेली होती, तेव्हापासून जगाला ते माहीत आहे. म्हणजे ज्ञान होते, मशीन होते. ड्रममधला नमुना काढून तो मशीनवर लावणारा माणूस नव्हता, किंवा त्याला लावू दिले नाही. आमच्या मते, लॅबमधल्या कामाच्या ओझ्याचा प्रश्न नुसता पोरांच्या कंबरदुखीचा नाही. काम अंगावर आले की माणूस पहिली काट मारतो ती 'दरवेळी ठीकच येते' अशा चाचणीला. त्या एका काटेने काय होते ते छिंदवाड्याच्या आईबापांना विचारा. मशीनने वाचवलेले तास त्या टाळलेल्या चाचण्यांना लागले तर मशीन सार्थकी लागले. ते तास आणखी बॅचेस रेटण्यासाठी वापरले तर पुन्हा काट मारण्याची वेळ येणार.

दुसरी गोष्ट नोंदींची. २०१३ साली अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याने वोक्हार्टच्या वाळूज येथील कारखान्याला इशारापत्र दिले. तपासणी अधिकाऱ्यांना तिथे इंजेक्शनच्या सुमारे ७५ बॅचेसच्या खाजगी नोंदी कचऱ्यात अर्ध्या फाडलेल्या सापडल्या होत्या. कागद फाडता येतो. संगणकात मात्र आता 'ऑडिट ट्रेल' असते. कोणी, कधी, कोणता आकडा बदलला याचा माग आपोआप राहतो. अमेरिकेने अशा संगणकीय नोंदींचे नियम १९९७ साली केले. आपल्याकडेही २०२३ च्या डिसेंबरात औषध नियमांतले 'शेड्यूल एम' नव्याने जाहीर झाले आणि त्यात संगणकीय यंत्रणेच्या अटी आल्या. मोठ्या कारखान्यांना आधी आणि लहानांना मागाहून ते लागू झाले. लहान कारखान्यांना वाढवून दिलेली मुदत ३१ डिसेंबर २०२५ पर्यंत होती. त्यामुळे आजवर वह्या-रजिस्टरांवर चाललेल्या लहान लॅबनाही बदलावे लागत आहे. लॅबमध्ये मशीन येते ते नुसते मालकाच्या हौसेने येत नाही, हे यावरून कळेल.

हा माग प्रामाणिक पोराचा रक्षक आहे, आणि त्याच्या गळ्यातला फासही होऊ शकतो. कसा ते सांगतो. प्रत्येक केमिस्टला स्वतःचे नाव आणि पासवर्ड मिळतो. वरचा माणूस घाईत म्हणतो, 'अरे, तुझ्या नावाने मी लॉगिन करतो, तू जेवून ये.' पोरगा नवा, कंत्राटी, नाही म्हणायची हिंमत नाही. उद्या त्या आकड्यात घोटाळा निघाला तर संगणक कोणाचे नाव दाखवील? जेवायला गेलेल्याचे. तेव्हा आईबापांनी मुलांना एक गोष्ट निक्षून सांगावी. घराची किल्ली जशी रस्त्यावरच्या माणसाच्या हातात देत नाही, तसा पासवर्ड साहेबाच्याही हातात द्यायचा नाही. वाईटपणा येईल, तो घ्यावा. कोऱ्या कागदावर सही आणि मागच्या तारखेची सही यांनाही हेच लागू. अन् नमुना नापास आला तर पास होईपर्यंत पुन्हा पुन्हा टोचत राहायचे नाही. १९९३ साली बार लॅबोरेटरीज या कंपनीच्या खटल्यात अमेरिकेच्या न्यायालयाने अशा पद्धतीला झिडकारले. नापास आल्याबरोबर लेखी कळवायचे आणि कारण शोधायचे. आपल्या औषध नियमांतही तपासणी विभागाचा प्रमुख हा उत्पादनाच्या प्रमुखापासून स्वतंत्र असला पाहिजे अशी अट आहे. माल काढणाऱ्याच्या दबावाखाली तपासणारा नसावा, हाच तिचा अर्थ. आता कंत्राटदाराने उद्या काढून टाकायची धमकी दिली तर अकरा महिन्यांच्या कराराचा पोरगा किती स्वतंत्र राहील, हा प्रश्न नियमात नाही. तो आम्ही विचारतो.

सिडकोतल्या त्या वडिलांच्या प्रश्नाकडे आता येतो. मशीनविषयी आपल्या समाजाने काय भूमिका घ्यावी हे बाबासाहेबांनी १९४५ साली प्रसिद्ध झालेल्या काँग्रेस आणि गांधींविषयीच्या ग्रंथात स्पष्ट केले आहे. चरख्याकडे परत चला म्हणणाऱ्यांना त्यांनी उत्तर दिले आहे. त्याचा आशय असा की माणूस जनावरासारखा दिवसभर पोटामागे राबत राहिला तर त्याला मन घडवायला फुरसत मिळत नाही, आणि ती फुरसत यंत्रच मिळवून देऊ शकते. यंत्रामुळे जी हानी होते तिचा दोष यंत्राचा नव्हे. खाजगी मालकी आणि स्वतःचा नफा यांना पवित्र मानणाऱ्या समाजरचनेचा आहे. हे ते नुसते लिहून थांबले नाहीत. व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात १९४२ ते १९४६ मजूर खाते त्यांच्याकडे होते. त्या खात्यानेच १९४६ साली कारखाने कायद्यात दुरुस्ती आणली आणि बारमाही कारखान्यांत आठवड्याचे ५४ तास होते ते ४८ वर आले. सहा तास! ते सहा तास आपल्या आजोबा-पणजोबांनी वाचायला, सभेला आणि मुलांना शाळेत घालायला वापरले.

त्या हिशेबाने पाहिले तर प्रश्न सरळ आहे. ऑटोसॅम्पलरने रात्रीचे दहा तास वाचवले, ते कोणाला मिळाले? पोराला घरी जायला मिळाले असतील तर मशीन आपले. दुसऱ्या मशीनसमोर उभे राहायला लावले असेल तर मशीन मालकाचे. आणि गंमत पाहा, मशीने वाढत असताना आपल्या राज्याच्या मंत्रिमंडळाने २०२५ च्या सप्टेंबरात कारखान्यातल्या दिवसाच्या कामाची मर्यादा ९ वरून १२ तास करायला मान्यता दिली. आठवड्याचे ४८ तास कायम आणि कामगाराची संमती हवी, असे सांगितले आहे. कंत्राटी पोराची संमती म्हणजे काय असते ते नाशिकच्या एमआयडीसीत कोणालाही ठाऊक आहे. तेव्हा त्या वडिलांना आमचे सांगणे असे की मुलाने रोजचे तास, तपासलेले नमुने आणि जादा थांबल्याची वेळ स्वतःच्या वहीत तारीखवार लिहून ठेवावी. लॅबचे कागद किंवा आकडे घरी आणू नयेत, तो गुन्हा ठरेल. पण स्वतःचे तास हे त्याचे स्वतःचे आहेत. चार-पाच जणांच्या अशा वह्या जमल्या म्हणजे युनियनला किंवा कामगार अधिकाऱ्याला बोलायला हातात काही असते.

सातपूरच्या भगिनीला आमचे उत्तर: मुलीला लॅबमध्ये जरूर जाऊ द्या. माणसे नकोत हे खरे नाही. पण सरसकट हमाली केमिस्टरी, म्हणजे दिवसभर बाटल्या भरून तबकात लावणे, त्याला पुढे किंमत राहणार नाही हेही लपवीत नाही. रक्त तपासणारे पहिले आपोआप चालणारे मशीन अमेरिकेत टेक्निकॉन कंपनीने १९५७ साली बाजारात आणले. त्यानंतर दवाखान्यांच्या लॅब ओस पडल्या नाहीत. चाचण्या वाढल्या, आणि मशीन समजणाऱ्यांची गरज पडली. मुलीला विचारा की तिला त्या रेघा वाचता येतात का, प्रमाण द्रावण का टोचतात ते सांगता येते का, गणित कच्चे नाही ना. इंग्रजीत चार ओळी स्वच्छ लिहिता येतात का हेही विचारा, कारण नापास नमुन्याचा अहवाल इंग्रजीत लिहावा लागतो आणि तिथेच आपली मुले मागे राहतात. संगणकाची भीती असेल तर ती पदवी हाती येण्याआधी जायला हवी.

नाशिकमध्ये के.टी.एच.एम. आणि आर.वाय.के. या महाविद्यालयांत रसायनशास्त्राचे पदव्युत्तर शिक्षण आहे. घरची ओढाताण असेल तरी शक्य असल्यास एम.एस्सी.ला विश्लेषण रसायन, म्हणजे ॲनालिटिकल, हा विषय घ्यावा. अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, तिचा अर्ज महाडीबीटीवर भरतात. वसतिगृहात जागा न मिळालेल्यांसाठी समाजकल्याण खात्याची स्वाधार योजना आहे. जातीचा दाखला आणि उत्पन्नाचा दाखला शेवटच्या आठवड्यापर्यंत ठेवू नका. दरवर्षी आपल्यातली कित्येक मुले तिथेच अडकतात.

ज्यांना पदवीपर्यंत जाणे जमत नाही त्यांच्यासाठीही दार बंद नाही. आय.टी.आय. आणि अप्रेंटिस योजनेत 'लॅबोरेटरी असिस्टंट केमिकल प्लांट' आणि 'इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक केमिकल प्लांट' असे व्यवसाय आहेत. दुसरा व्यवसाय आम्हाला विशेष वाटतो. जितकी मशीने वाढतील तितकी ती बिघडतील, आणि दुरुस्तीला आलेल्या माणसाला लॅबमध्ये जावयासारखा मान असतो. वायरिंग, पंप, सेन्सर हे ज्याच्या हाताला कळते अशा दहावी-बारावीच्या पोराने त्याचा विचार करावा. मुलींनीही करावा, पाना हाती धरायला मिशा लागत नाहीत.

मुलाखतीला जाताना विचारायच्या दोन-तीन गोष्टी. नेमणूकपत्र कंपनीचे की कंत्राटदाराचे? मशीनचे ट्रेनिंग लेखी मिळते का? कारण ज्या मशीनवर ट्रेनिंगची नोंद नाही त्या मशीनवर काम करणे नियमात बसत नाही, आणि ती नोंद पुढच्या नोकरीत पदवीइतकी उपयोगी पडते. औषध प्रशासनाने मान्यता दिलेला केमिस्ट होण्यासाठी कंपनी नाव पाठवते का, आणि किती वर्षांनी? तीन वर्षे झाली आणि अजून ते नाव गेले नसेल तर दुसरे दार ठोठावावे. भिऊ नये, अंबडपासून सिन्नरपर्यंत दारे पुष्कळ आहेत.

नेमणूकपत्र, पगाराच्या पावत्या, भविष्यनिर्वाह निधीचा क्रमांक आणि ट्रेनिंगचे दाखले एका फाईलमध्ये घालून ती फाईल आईने कपाटात ठेवावी. कंत्राटदार बदलला की पहिल्यांदा हेच कागद मागतात, आणि पोरे ती बसमध्ये विसरतात.